नागराज शिंपी आणि सोसल्याची वाट

म्हैसुरात शिवरामपेटेच्या मागच्या गल्लीत नागराजांचं शिवणकामाचं दुकान आहे. आधी ते वडिलांचं होतं, त्याच्याही आधी आजोबांचं. घराणं विठोबाच्या भक्तांचं. महाराष्ट्रातून इकडं कधी आले ते घरात कुणालाच नीट सांगता येत नाही, पण घरात अजून मराठीच बोलतात, कानडीत अर्धीअधिक भिजलेली. नागराज लहानपणी वडिलांशेजारी काजं करायला बसले ते साठी उलटेपर्यंत उठलेच नाहीत म्हणायला हरकत नाही. शाळांचे गणवेश, वकिलांचे काळे कोट, लग्नसराईतले ब्लाउज. पायी कुठं गेलेच तर चामुंडीच्या पायऱ्या चढायला, आणि त्याही देवीसाठी.

असा माणूस पुढं शेतांतून चालण्यासाठी ओळखला जाऊ लागला, त्याचं कारण त्यांची मुलगी वर्षिणी. ती आणि तिचा नवरा साकेत नोकरीसाठी इंग्लंडला गेले आणि शहर टाळून एका जुन्या खेड्यात राहू लागले. एका उन्हाळ्यात तिनं आईवडिलांना बोलावून घेतलं. मधाच्या रंगाच्या दगडाची घरं, छपरांवर शेवाळ, गावाच्या मध्यावर चर्च आणि त्याच्या आवारात कलंडलेल्या थडग्यांच्या शिळा. मुलगी-जावई कामावर जायचे. नागराजांच्या बायकोनं, जानकीबाईंनी, स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. नागराजांना मात्र करायला काही नव्हतं. ते खिडकीशी बसून रस्त्यानं जाणाऱ्यांच्या कोटांची शिवण बघत राहायचे.

शेजारच्या घरात हॅलम नावाचे एक म्हातारे एकटे राहत. जन्मभर बस चालवून निवृत्त झालेले. एका सकाळी ते दारात आले, त्यांनी नागराजांच्या पायातल्या चपलांकडे पाहिलं, परत घरी जाऊन आपले जुने बूट आणले आणि हातानंच चला म्हणून खूण केली.

गावाबाहेर पडल्यावर वाट थेट कुणाच्या तरी जवाच्या शेतात शिरली. माणूसभर रुंदीची पट्टी, दोन्ही बाजूंना कमरेएवढं पीक. नागराज तिथंच थांबले. शेताचा मालक काठी घेऊन धावत येईल असं त्यांना वाटलं. हॅलमनी सावकाश, सोप्या इंग्रजीत समजावलं की ही वाट शेकडो वर्षांची आहे, शेत त्याचं असलं तरी वाटेवरून चालायचा हक्क सगळ्यांचा आहे. मात्र फाटक उघडलं तर मागं लावून घ्यायचं आणि पिकात पाऊल टाकायचं नाही. पुढं मेंढ्यांचं कुरण लागलं, ओढ्यावरचा लाकडी पूल लागला, कुंपण ओलांडायला केलेल्या दोन फळ्यांच्या पायऱ्या लागल्या. टेकडीवर पोचल्यावर खाली सगळं गाव दिसलं. नागराजांची इंग्रजी गिऱ्हाइकाचं माप घेण्यापुरतीच होती, हॅलमना तर मराठी-कानडी असं काही असतं हेही ठाऊक नव्हतं. तरी दोघं त्या उन्हाळ्यात रोज चालले. नागराज जानकीबाईंना म्हणाले, "आयुष्यभर खाली मान घालून सुईकडं बघितलं. मान वर केली की एवढं सगळं असतं हे माहीतच नव्हतं."

म्हैसुरात परतल्यावर त्यांना दुकानात बसवेना. सकाळी उठून ते बसनं कुठं कुठं जायचे, कृष्णराजनगरच्या भातशेतांत, टी. नरसीपूरच्या संगमावर. पण तिथं चालायचं म्हणजे कुणाच्या तरी बांधावरून, आणि बांधावर अनोळखी माणूस दिसला की शेतातून हाक यायचीच. मग एकदा जानकीबाईंना घेऊन ते संगमाजवळच्या सोसले गावी मठात दर्शनाला गेले. तिथं जयतीर्थ भेटला.

जयतीर्थ सोसल्याचाच. चाळिशीतला, अबोल. थोडी भातशेती होती आणि मठातल्या उत्सवाच्या स्वयंपाकात त्याचा हात असायचा. नागराजांनी त्याला कानडीत त्या इंग्रजी खेड्याबद्दल सांगितलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला की असला हक्क इथं कुणाला नाही, पण विचारून बघायला काय जातं. पुढचा महिनाभर तो गावातल्या एकेका शेतकऱ्याच्या ओसरीवर जाऊन बसला. शहरातली माणसं रविवारी सकाळी येतील, बांधावरून रांगेनं जातील, पिकात पाऊल पडणार नाही, पाटाचं पाणी कुणी हलवणार नाही, आणि काही चुकलं तर मी आहे. लोकांनी हो म्हटलं ते जयतीर्थाच्या शब्दावर. इंग्लंडात जी वाट कायद्यानं मिळते ती सोसल्यात एका माणसाच्या हमीवर मिळाली.

रविवारचं चालणं असं सुरू झालं. म्हैसुरातून एक लहान बस निघायची. निवृत्त बँकवाले, कंपन्यांतली तरुण मंडळी, कधी योग शिकायला आलेले परदेशी. मठापासून निघून माडांच्या बागांतून, पाटाच्या कडेनं, भातशेतांच्या बांधांवरून नदीपर्यंत, तिथल्या जुन्या दगडी मंडपात थोडं टेकून दुसऱ्या अंगानं परत, आणि शेवटी जयतीर्थाच्या अंगणात इडली-चटणी. नागराज सगळ्यांच्या पुढं. डोक्यावर हॅलमनी दिलेली टोपी, हातात काठी. जयतीर्थ सगळ्यांच्या मागं, कुणी रेंगाळलं, कुणाचा पाय घसरला तर बघायला. एका कानडी वर्तमानपत्रात नागराजांचा फोटो आला. विठोबाच्या देवळात लोक थांबवून विचारू लागले. गल्लीतली मुलंही त्यांना 'वॉकिंग अंकल' म्हणायला लागली. हे सगळं त्यांना आवडत होतं, आणि आवडतं हे ते लपवतही नव्हते.

अशी काही वर्षं गेली. मग एका शाळेचे गणवेश शिवताना नागराजांनी शर्टाच्या दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या. एका शर्टाच्या नाही, गठ्ठ्यातल्या बऱ्याच शर्टांच्या. कापड दुमडायला चुकलं असं ते म्हणाले. पुढं गिऱ्हाइकाची नावं अडू लागली. जानकीबाईंना एकच गोष्ट सकाळी विचारायचे, पुन्हा जेवताना विचारायचे. जानकीबाई दोन्ही वेळा उत्तर द्यायच्या.

सोसल्यात पंपाच्या खोलीपाशी वाट दोन फाट्यांत फुटते. डावीकडची पाटाच्या बांधावरून नदीकडं जाते. उजवीकडची थोडी पुढं जाऊन शेतांत संपते. एका रविवारी नागराज तिथं उभे राहिले आणि त्यांना काहीच कळेना. शेकडो वेळा वळले होते ते तिथं. दोन्ही वाटा सारख्याच अनोळखी वाटल्या, जणू कुणीतरी आताच आणून ठेवल्या होत्या. त्यांनी हसून मागच्या मंडळींना विचारलं, "सांगा बघू, नदी कुठल्या बाजूला?" एका बाईनं बरोबर सांगितलं. सगळ्यांना तो खेळ वाटला. नंतर कुठं अडलं की नागराज तोच खेळ करू लागले.

जयतीर्थाला मात्र तो खेळ वाटला नाही. तो रांगेच्या शेवटून हळूहळू पुढं येऊन चालू लागला. फाटा जवळ आला की सहज बोलल्यासारखं काहीतरी बोलायचा, "अण्णा, पाटाला आज पाणी चांगलं आहे," आणि डावीकडं पाऊल टाकायचा. नागराजांच्या ते ध्यानात आलं. आपल्याला सांभाळून घेतलं जातंय हे समजल्यावर माणसाला जे वाटायला हवं ते त्यांना वाटलं नाही. त्यांना जयतीर्थाचा राग आला. एकदा ते घरी म्हणाले की हा माणूस हल्ली फार पुढं पुढं करतो.

त्या वर्षी नाताळच्या सुट्टीत वर्षिणी आणि साकेत आले आणि बरोबर हॅलमना घेऊन आले. म्हातारे पहिल्यांदाच एवढ्या लांब आले होते. नागराजांना आभाळ ठेंगणं झालं. ज्यांनी आपल्याला चालायला शिकवलं त्यांना आपली वाट दाखवायची, याचीच त्यांनी तयारी चालवली. टोपी धुऊन घेतली. फोन करकरून जुन्या मंडळींना बोलावलं. रविवारी बस गच्च भरली.

सकाळ छान होती, माडांमधून कोवळं ऊन येत होतं. नागराज पुढं, त्यांच्या खांद्याशी हॅलम, मागं वर्षिणी आणि साकेत, मग लांबलचक रांग. नागराज बोलत होते, वर्षिणी इंग्रजीत सांगत होती. बोलण्याच्या भरात पंपाची खोली आली आणि नागराज थांबले. या वेळी खेळ करायचं त्यांना सुचलं नाही. हॅलम त्यांच्याकडे बघत होते. मागून जयतीर्थ भराभर पुढं आला आणि हळू आवाजात म्हणाला, "डावीकडं, अण्णा."

कदाचित तो नेहमीसारखा पाटाच्या पाण्याबद्दल बोलला असता तर पुढचं घडलं नसतं. पण घाईत त्यानं सरळ सांगितलं, आणि ते हॅलमांसमोर, मुलीसमोर, जावयासमोर. नागराजांचं तोंड तापलं. "मला शिकवू नकोस," ते म्हणाले आणि उजवीकडं वळले.

त्यांच्या मागं सगळी रांग वळली. बांध अरुंद होत गेला, मग ओला झाला, मग संपला. नागराज थांबले नाहीत. पुढं कुठंतरी नदी दिसेल असं त्यांना वाटत होतं, किंवा दिसावी असं वाटत होतं. ते खाली वाफ्यात उतरले. मागची माणसं, पुढारी उतरला म्हणून, उतरली. पावलं चिखलात रुतली, कुणी तोल जाऊन हात टेकले, कुणी हसलं. खाली भाताची कोवळी रोपं होती, हाताच्या बोटाएवढी, गच्च, हिरवीगार. उन्हाळी पिकाच्या लावणीसाठी वाढवलेली.

सिद्दम्मा ओरडतच आली. ते वाफे तिचे. नवरा नाही, मुलगा बेंगळुरात, शेत ती एकटीच बघायची. निम्म्याहून जास्त रोपं चिखलात गेलेली बघून ती मध्येच गप्प झाली.  मग तिनं विचारलं, इथं कुणी आणलं तुम्हाला?

नागराज चिखलात घोट्यापर्यंत उभे होते. आपण कुठं आहोत हे त्यांना कळत नव्हतं. सगळे त्यांच्याकडे बघत होते.

"जयतीर्थानं सांगितलं," ते कानडीत म्हणाले. "इकडून चला म्हणून त्यानंच सांगितलं."

सिद्दम्मा जयतीर्थाकडं वळली. "माझ्या ओसरीवर बसून काय म्हणाला होतास तू? पिकात पाऊल पडणार नाही म्हणालास ना?"

जयतीर्थ अजून बांधावरच उभा होता. तो एकटाच खाली उतरला नव्हता. त्यानं नागराजांकडं पाहिलं. त्या बघण्यात राग नव्हता. खरोखरच हे बोललात का, असं तो बघत होता. मग तो म्हणाला, "चुकलं, अक्का. माझं चुकलं."

रांगेतल्या बऱ्याच जणांना कानडी येत होती. पुढच्यांनी डावीकडं हा शब्द ऐकलाही होता. कुणी काही बोललं नाही.

त्या दिवशी जयतीर्थाच्या अंगणात इडल्या तयार होत्या. त्यानं सगळ्यांना वाढलं, हॅलमना आग्रह केला. नागराजांच्या पानातही वाढलं, पण तेव्हा त्यानं मान वर केली नाही. 

घरी आल्यावर वर्षिणीनं वडिलांना गाठलं. तिची मराठी तोकडी, अर्धं कानडीत बोलायची. ती म्हणाली, "अप्पा, मी ऐकलं. त्यांनी डावीकडं सांगितलं होतं."

"तुला काय ऐकू आलं असेल," नागराज म्हणाले आणि आत निघून गेले.

आत जाऊन ते बसले आणि स्वतःला समजावू लागले की कदाचित जयतीर्थानंच उजवीकडं सांगितलं असेल. हल्ली आपलं डोकं नीट चालत नाही, मग आपल्यालाच चुकीचं आठवत असेल. ज्या विसरण्याला ते वर्षभर लपवत होते त्याचाच आता आडोसा घेऊ पाहत होते, आणि हे त्यांचं त्यांना समजत होतं. कारण बाकी काही पुसट झालं तरी जयतीर्थाचं ते बघणं पुसट होत नव्हतं.

बातमी थांबली नाही. सोसल्यातल्या शेतकऱ्यांनी बांधांच्या तोंडाशी काटेरी फांद्या आणून टाकल्या. जयतीर्थाच्या शब्दावर उघडलेली वाट बंद झाली. म्हैसुरात लोक विचारायचे, पुढच्या रविवारी आहे ना? नागराज गुडघा धरून सांगायचे, दुखतोय हो फार. देवळात जायचं त्यांनी सोडलं. वॉकिंग अंकल अशी हाक आली की ते दुकानाच्या आतल्या बाजूला सरकायचे.

हॅलम निघायच्या आदल्या दिवशी दुपारी दुकानात येऊन बसले. वर्षिणी बरोबर होती. त्यांनी त्या सकाळचा विषय काढला नाही. आपल्या बायकोबद्दल बोलू लागले. शेवटच्या वर्षांत तिला स्वतःच्या घराचं फाटक सापडत नसे, असं म्हणाले. वर्षिणी सांगत होती, नागराज कापडावर खडूच्या रेघा मारत ऐकत होते.

"ती माझ्यावरच सारखी चिडायची," हॅलम म्हणाले. "कारण जवळ मीच होतो."

नागराजांचा खडू थांबला. त्यांनी वर पाहिलं नाही. म्हातारे थोडा वेळ बसून, त्यांचा खांदा दाबून निघून गेले.

मुलगी गेल्यावर घर रिकामं झालं. एका संध्याकाळी नागराज जानकीबाईंना म्हणाले की मला काहीतरी होतंय. जानकीबाई भाजी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, मला माहीत आहे. मग त्यांनी जे सांगितलं ते नागराजांना ठाऊकच नव्हतं. दोन डाव्या बाह्या कापल्या गेल्या तेव्हापासून रोज दुपारी ते झोपले की जानकीबाई दुकानात जाऊन त्यांनी बेतलेलं सगळं तपासत होत्या. चुकलेलं बाजूला काढून, नवीन कापड आणून, नवऱ्याचं बघून शिकलेल्या हातानं पुन्हा बेतून ठेवत होत्या. वर्षभर एकाही गिऱ्हाइकाची तक्रार आली नव्हती त्याचं कारण हे होतं.

"मला सांगायला पाहिजे होतं," जानकीबाई म्हणाल्या. "लाज वाटली. लोक काय म्हणतील याची. तुम्हाला त्या माणसांच्या पुढं चालायला मीच पाठवत राहिले. त्या सिद्दम्माची रोपं गेली, त्यात माझाही पाय आहे."

डॉक्टरांनी बरेच प्रश्न विचारले. शेवटी म्हणाले, घरापासून विठोबाच्या देवळापर्यंत कसं जायचं सांगा. नागराजांनी गल्ली सांगितली, कोपऱ्यावरचं फुलांचं दुकान सांगितलं, मोठा रस्ता ओलांडला, आणि तिथं त्यांची वाट संपली. पुढं काही आलंच नाही. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि हेही सांगितलं की गोळ्यांनी तो सावकाश वाढेल, बरा होणार नाही.

घरी येताना रिक्षात नागराज एकदम म्हणाले, "म्हणजे मी ते पण विसरणार."

जानकीबाईंनी विचारलं, काय?

"जयतीर्थाचं. मी काय केलं ते. उद्या मला आठवलंच नाही तर ते त्याच्याच माथ्यावर राहील, जन्मभर. मला कुणी विचारलं तर मी खुशाल सांगेन की त्यानंच चूक केली. आणि ते खोटं आहे हे मलाच माहीत नसेल."

वर्षिणी येऊ दे, थोडं बरं वाटू दे, असं जानकीबाई सुचवू लागल्या. पण नागराजांना धीर नव्हता. आतापर्यंत त्या सकाळची आठवण नको म्हणून ते धडपडत होते. आता ती निसटून जाईल म्हणून धास्तावले. दोन दिवस ते घरात तेच वाक्य पुटपुटत फिरले: त्यानं डावीकडं सांगितलं, मी उजवीकडं गेलो. तिसऱ्या दिवशी सकाळी दोघं टी. नरसीपूरच्या बसमध्ये बसले.

सोसल्यात उतरून चालू लागले तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लावणी उरकलेली होती. सगळीकडं कोवळी हिरवळ आणि मध्येच एक तुकडा मोकळा, कोरडा, तण माजलेला. नागराजांनी ओळखलं नाही. जानकीबाईंनी ओळखलं. तो जयतीर्थाचा होता. गावात शिरताना मठातली एक बाई भेटली, तिनं सांगितलं की त्यानं आपल्या वाफ्यातली रोपं उपटून सिद्दम्माला लावायला दिली, त्याला स्वतःला पुरली नाहीत.

जयतीर्थ दारातच होता. त्यानं तांब्या भरून पाणी आणलं, पण बसा म्हणाला नाही. नागराज उभ्यानंच बोलू लागले आणि त्यानं हात वर करून थांबवलं.

"मला कशाला सांगता? मला माहीत आहे की."

"मग कुणाला सांगू?"

"ज्यांच्या ओसरीवर मी बसलो होतो त्यांना."

पिंपळाच्या पारावर दुपारची माणसं बसलेली होती. जयतीर्थ तिथपर्यंत बरोबर आला आणि बाजूला उभा राहिला. कुणीतरी जाऊन सिद्दम्माला बोलावून आणलं. नागराजांनी डोक्यावरची टोपी काढली. सगळे चेहरे ओळखीचे होते आणि एकाचंही नाव आठवत नव्हतं. दोन दिवस घोकलेलं वाक्यही क्षणभर गेलं.  जानकीबाईंना वाटलं, आता हे काहीतरी भलतंच बोलणार. पण वाक्य आलं.

"त्यानं डावीकडं सांगितलं. मी ऐकलं नाही. मी उजवीकडं गेलो. आणि मी तुमच्यासमोर खोटं बोललो." थोडं थांबून ते म्हणाले, "मला वाट आठवत नाही हल्ली. ते सांगायची लाज वाटली, म्हणून त्याच्यावर टाकलं."

 सिद्दम्मानं पदर खोचला. तिच्या आवाजात माया नव्हती.

"जयतीर्थाला माझं शेत माहीत नाही होय? तो तिकडून कुणाला आणेल? मला तेव्हाच कळलं होतं. पण त्यानं चूक आपली म्हटलं, म्हणून मी त्याची म्हटलं." मग ती म्हणाली, "त्याच्या शेतात यंदा काही नाही. ते बघितलंत का येताना?"

नागराजांना बघितल्याचं आठवत नव्हतं. त्यांनी जानकीबाईंकडं पाहिलं. त्यांनी मान हलवली. मग त्या पारावर, सगळ्यांच्या देखत, नागराज रडले. सिद्दम्मा तेवढ्यात कामाला निघून गेली. दोघातिघांनी तोंड फिरवलं.

परतताना जयतीर्थ बसच्या थांब्यापर्यंत आला. त्याला जे बोलायचं होतं ते तिथं बोलला. "अण्णा, मला तुमचं विसरणं आधीच कळलं होतं. तुम्ही एकदा सांगितलं असतं तर मी पुढं चाललो असतो, तुम्ही मागं बोलत आला असता. कुणाला काय कळणार होतं? तुम्ही मला तेवढंही आपलं मानलं नाहीत."  बस आली. जयतीर्थानं त्यांना हाताला धरून चढवलं, पण पुन्हा या म्हणाला नाही.

पीक निघेपर्यंत सोसल्याहून काही निरोप आला नाही. नागराजांनी कापायचं बंद केलं. जानकीबाई बेततात आणि ते काजं-बटणं करतात, लहानपणी करायचे तसं. हात अजून चुकत नाहीत. गुडघ्याची थाप मारायचं त्यांनी सोडलं. कुणी विचारलं तर आठवत नाही म्हणून सरळ सांगतात, आणि सांगताना अजूनही त्यांचे कान लाल होतात.

पाऊसकाळ सरल्यावर जयतीर्थाचा फोन आला, जानकीबाईंना. गावातल्या लोकांनी फांद्या काढल्या होत्या, काही अटींवर. माणसं थोडी आणायची, पंपाच्या खोलीपाशी जयतीर्थ पुढं असायला हवा. तो एवढंच म्हणाला की अण्णांना यायचं असेल तर येऊ दे.

आता जयतीर्थ पुढं चालतो. जानकीबाई नागराजांचा हात धरून मध्ये चालतात. नवीन माणसांना तो म्हातारा कोण ते माहीत नसतं. काही चांगल्या सकाळी नागराज त्यांना इंग्लंडातल्या जवाच्या शेताबद्दल सांगतात, ते त्यांना अजून बारकाव्यानिशी आठवतं. जयतीर्थ त्यांच्याशी बोलतो, पानात वाढतो, पण पूर्वीसारखा शेजारी येऊन बसत नाही. बसेल पुढं कदाचित. जानकीबाई तशी आशा ठेवून आहेत.

एका रविवारी पाटाच्या कडेला सिद्दम्मा गवत कापत होती. ती दिसताच नागराजांची मान खाली गेली, पाय अडखळले. ती पुढं निघून गेल्यावर त्यांनी बायकोला हळूच विचारलं, "त्या बाईचं मी काही वाईट केलंय का?"

जानकीबाईंना वाटलं, नाही म्हणावं. म्हणजे माणूस सुटेल. पण त्यापायी गावात ज्याचं नाव खाली गेलं होतं तो त्यांच्या पुढंच चालत होता.

"केलंत," त्या म्हणाल्या. "तिची रोपं तुडवलीत, आणि ते जयतीर्थावर टाकलंत. मग येऊन सगळ्यांसमोर खरं सांगितलंत."

नागराजांनी ते नव्यानंच ऐकलं. त्यांचा चेहरा उतरला.  मग त्यांनी जानकीबाईंचा हात सोडला, भराभर चार पावलं पुढं गेले आणि जयतीर्थाच्या पाठीशी पोचून म्हणाले की जयतीर्था, माझं चुकलं.

जयतीर्थानं मागं वळून पाहिलं. हे त्यानं आता बऱ्याच रविवारी ऐकलेलं आहे. "होय अण्णा," तो म्हणाला, "जपून चला, इथं ओल आहे."